तयार झाल्याची तारीख

महसूल कचेरीच्या तळमजल्यावर जिन्याखाली एक खोली आहे. तिचं छत एका बाजूला उतरत गेलंय, कारण ते छत म्हणजे जिन्याची पाठच. वर माणसं चढली-उतरली की खोलीत बारीक धूळ झडते, आणि सवयीच्या माणसाला पावलांवरून कळतं, साहेब आले की साहेबांचा शिपाई. या खोलीत बसून नक्कलबाई एकोणीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं उतरवत होत्या.

काम सांगायला सोपं. जमिनीच्या तंट्यात साहेबांनी हुकूम दिला की तो कुणाच्या तरी विरुद्ध जाणारच. ज्याच्या विरुद्ध गेला, त्याला वर कोर्टात अपील करायचं असतं, आणि अपिलाला हुकुमाची खरी नक्कल जोडावी लागते. तो खिडकीशी अर्ज देतो. बाई दप्तरातून मूळ कागद काढतात, टंकतात, ओळीला ओळ ताडून पाहतात, शेवटच्या पानावर शिक्का उमटवतात आणि गठ्ठा सहीसाठी वर पाठवतात. मुळात चूक असली तर नकलेतही ती चूक हवी. एकदा एका हुकुमात जमिनीच्या पूर्वेला विहिरीऐवजी बहीण पडली होती. बाईंनी ती बहीण तशीच पूर्वेला बसवली आणि समासात लिहिलं, 'मुळाप्रमाणे'.

बाईंचा नवरा याच कचेरीत आवक-जावक टेबलावर होता. एका दुपारी पाकिटाला गोंद लावता लावता तो खुर्चीतून खाली आला, आणि गोंदाची बाटली आडवी होऊन टेबलभर पसरली. त्याच्या जागी बाईंना घेतलं तेव्हा त्या अडतीस वर्षांच्या होत्या आणि पोस्टापलीकडे कुठल्या कचेरीची पायरी चढलेल्या नव्हत्या. ज्यांच्या हाताखाली त्यांना बसवलं ते जुने नक्कलकार निवृत्तीला टेकलेले, दात पडलेले, पण जिभेनं धारदार. त्यांनी पहिल्याच दिवशी शिक्का पुढं ठेवला. शिक्क्यात तीन रिकाम्या जागा होत्या. अर्ज आल्याची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख, नक्कल दिल्याची तारीख.

"पहिली खरी घालायची, शेवटची खरी घालायची," ते म्हणाले. "मधली आपली."

"आपली म्हणजे?"

"बाहेर पाटी वाचली ना? 'नक्कल सात दिवसांत मिळेल.' ती पाटी लावणारा कधीच बदलून गेला. साहेब महिन्यातले पंधरा दिवस दौऱ्यावर. सही कोण करणार, पाटी? तुझ्या बाजूनं कागद टंकून झाला की तो तयार. सातव्या दिवसाची तारीख घाल आणि गप बस."

"आणि माणूस आला, अन् सही झालेली नसली तर?"

"तर 'उद्या या' म्हण. उद्या हा या कचेरीतला सगळ्यात जुना नोकर आहे."

बाई हसल्या नाहीत, त्यांनी ते पाठ केलं. नवऱ्याला जाऊन तेव्हा चार महिनेही झाले नव्हते, आणि कुणीतरी अमुक कर, तमुक घाल असं सांगतंय याचाच त्यांना आधार वाटला होता. माणूस आतून रिकामा असला की नियम त्यात चटकन मावतो.

तेव्हापासून प्रत्येक नकलेवर सातवा दिवस पडत गेला. वर्षअखेरीच्या तपासणीत नक्कल शाखेची थकबाकी शून्य निघायची आणि शाखेला शाबासकीचं पत्र मिळायचं. इतर शाखांची लक्तरं वेशीवर टांगली जात तेव्हा जिन्याखालच्या खोलीचं कौतुक व्हायचं. बाईंनी ती पत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत जपली होती. यात कुणाचं काही नुकसान होतं, असं त्यांना कुणी कधी सांगितलं नाही. माणसं नक्कल घेऊन जात, ती पुन्हा खिडकीशी येत नसत. वैद्याकडून औषध घेऊन गेलेला माणूस परत आला नाही, तर वैद्य समजतो बरा झाला.

घरी त्या आणि त्यांची नणंद. वन्सं नवऱ्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या, बिनलग्नाच्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. कुलपांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत दोघींची भांडी कधी एका जागी, कधी दोन. दिवसभर मजकूर मोठ्यानं वाचून ताडायची सवय असल्यानं बाई घरीही एकसुरी बोलत, विरामचिन्हांसकट.

"अगं, जेवायला बोलावतेस की माझ्यावर हुकूम बजावतेस?" वन्सं म्हणायच्या. "तुझ्या बोलण्यात पूर्णविराम असतात, बाई. बोलणाऱ्याला आत शिरायला फट राहत नाही."

"तुम्हाला फट लागते कुठं वन्सं, तुम्ही भिंतीतून येता."

अशी ती दोघींची माया होती.

निवृत्तीला अकरा महिने उरले असताना, एका सोमवारी, दोरवाले खिडकीशी आले.

नकलेची खिडकी बुटकी आहे. आत बसणाऱ्याला बाहेरच्याचा चेहरा दिसत नाही, छातीपासून खालचा भाग आणि हात दिसतात. बाईंना एकोणीस वर्षांत माणसं आठवत ती हातांनी. हे हात पाहिल्यावर मात्र आठवायची गरजच पडली नाही. दोन्ही तळव्यांना आडवी खाच होती, जणू कुणी लाकडावर कानस चालवली आहे. दोर हातातून सरकून सरकून पडलेली खाच.

"बाई, नक्कल परत घ्या," ते हात म्हणाले आणि एक चुरगळलेला कागद आत सरकला.

"परत घेत नाही आम्ही."

"का? दुकानदारसुद्धा खराब माल परत घेतो."

बाईंनी वाकून बघितलं. सत्तरीचा, काटक, कमरेला वाखाचे धागे चिकटलेला म्हातारा. नक्कल त्यांच्याच शाखेची होती. हुकूम त्यांनीच टंकला होता, पण त्यातला मजकूर त्यांना आठवेना. बोटांतून गेलेलं डोक्यात थांबत नाही.

"खराब काय आहे यात?"

"ते मला कळलं असतं तर वकील कशाला केला असता? वकील म्हणतो मधली तारीख नडली. तुमच्या कोर्टात अपील सात दिवस उशिरा पडलं म्हणे. सरकारी वकील म्हणतो, नक्कल अकरा तारखेलाच तयार होती, हा माणूस सत्तावीस तारखेपर्यंत घरी झोपून होता. झोपून!" म्हातारा खिडकीच्या चौकटीवर टेकला. "बाई, मी दहा वेळा आलो इथं. दहा वेळा तुम्ही म्हणालात, उद्या या. माझा झोपायचा उद्या कुठला होता त्यात?"

मागून कुणीतरी म्हणालं, "आजोबा, आटपा की, रांग आहे."

"रांगेतच आहे रे बाबा मी. दोन महिने."

बाईंनी चुरगळलेला कागद टेबलावर सरळ केला. म्हातारा वाट पाहत उभा राहिला, मग चौकटीवर थाप मारून म्हणाला, "समन्स येईल तुम्हाला. नोंदवही घेऊन बोलावणार आहेत. मी आधी सांगून ठेवतोय, एवढंच. दारात पोलिसासारखा माणूस आला की बायामाणसं घाबरतात." आणि गेला.

त्या संध्याकाळी बाईंनी कचेरीचा नियम पहिल्यांदा मोडला आणि दोरवाल्यांच्या हुकुमाची स्थळप्रत घरी नेली. वन्संनी चष्मा लावून ती वाचली.

तंटा असा होता. दोरवाल्यांच्या घरामागं तीनशे फूट लांब आणि दहा फूट रुंद अशी जमिनीची पट्टी होती. दोर वळायला लांबी लागते. एका टोकाला सून चाक फिरवते, दुसरीकडे कमरेला वाख गुंडाळलेला म्हातारा बोटांनी धागा सोडत उलट्या पावलांनी मागं मागं जातो. आजोबा असेच गेले, बाप असाच गेला. तीन पिढ्यांच्या उलट्या पावलांनी ती माती दगडासारखी घट्ट झाली होती, गवताचं पातंही उगवत नव्हतं. साहेब जागा पाहायला आले तेव्हा दोर वळणं चालू नव्हतं. त्यांना दिसली एक लांबलचक, अरुंद, तुडवलेली पट्टी. त्यांनी लिहिलं, 'जागेवर वहिवाटीची जुनी पायवाट दिसून येते. सबब पट्टी सार्वजनिक रस्ता ठरवून खातेदाराचे नाव कमी करावे.'

"म्हणजे हा माणूस चालला म्हणून त्याची जमीन गेली," वन्सं म्हणाल्या. "बसून राहिला असता तर राहिली असती."

"तारखांचं काय ते सांगा ना."

वन्संनी पाटीवर मुलांना शिकवावं तसं वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं. "हुकूम एक तारखेचा. अपिलाला तीस दिवस. पण नक्कल मिळवण्यात जितके दिवस गेले तितके कोर्ट वरून देतं. बरोबर? अर्ज पाच तारखेचा, तयार अकरा तारखेला. सात दिवस. म्हणजे पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत मुदत. यानं टाकलं चौदाला. सात दिवस उशीर."

"पण नक्कल त्याला मिळाली सत्तावीसला."

"कोर्ट म्हणणार, तयार असून नेली नाही तो त्याचा आळस. ते सोळा दिवस त्याच्या नावावर. खरंच सत्तावीसला तयार झाली असेल, तर याच्याकडे चौदाला अजून नऊ दिवस शिल्लक होते." वन्संनी पेन्सिल ठेवली. "खरी कधी तयार झाली, अगं?"

 बाईंनी जुन्या नक्कलकारांचं सगळं सांगितलं. पाटी, दौरे, सातवा दिवस. सांगताना त्यांच्या आवाजात एकही पूर्णविराम नव्हता.

वन्संनी वर्तमानपत्राच्या कडेचे आकडे पुन्हा एकदा वाचले. "वर्षाला किती नकला काढतेस?"

"तीनशे असतील."

"एकोणीस वर्षं." त्यांनी पेन्सिल उचलली, पुन्हा ठेवली. "हे गणित मी करणार नाही."

समन्स आलं. साहेबांनी बाईंना वर बोलावलं. ते माणूस वाईट नव्हते. पोटाच्या दुखण्यानं बेजार, बोलताना एक हात सदैव कमरेशी.

"बसा, बाई. घाबरायचं काही नाही. नोंदवहीत काय आहे?"

"तयार, अकरा तारीख."

"मग तेच वाचायचं आणि यायचं. नोंद आहे ते सांगायचं. नोंदीच्या बाहेर आपण नाहीच."

"साहेब, त्या दिवसांत तुम्ही दौऱ्यावर होतात."

"माझ्या सहीखाली मी तारीख टाकत नाही," ते हळू म्हणाले. "कधीच टाकली नाही. तुम्हाला माहीत आहे." आणि मग, त्याहून हळू, "अकरा महिने राहिलेत ना तुमचे?"

घरी वन्संनी मधला मार्ग काढला. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, पण चढावी लागलीच तर विचारलं तेवढंच बोलून उतरावं. "सांग की नजरचूक झाली. सत्तावीसच्या ऐवजी अकरा पडलं. एका नकलेवर एक चूक. एवढ्यानं कुणी फाशी देत नाही. म्हाताऱ्याचं अपील वाचेल, तुझंही."

"नजरचूक," बाईंनी शब्द जिभेवर ठेवून पाहिला. वाईट नव्हता. माणसाला चालेल असा होता.

कोर्टाची खोली त्यांच्या खोलीपेक्षा मोठी, पण कागदांचा वास तोच. साक्षीदाराच्या पिंजऱ्याचा कठडा हातांच्या घामानं काळा पडलेला. न्यायाधीश तरुण होते, चेहऱ्यावर झोप अपुरी झाल्याची छाया. साक्षीदार बोलायचा, ते ऐकायचे, आणि मग आपल्या शब्दांत शेजारच्या टंकलेखकाला सांगायचे. टंकलेखक ते टंकायचा. बाईंना ते विचित्र वाटलं. म्हणजे इथं मूळ हवेत विरून जातं, आणि उरते ती नक्कल.

मागच्या बाकावर दोरवाले बसले होते, शेजारी त्यांची सून. सुनेच्या मांडीवर डबा. म्हाताऱ्याचे हात गुडघ्यांवर पालथे ठेवलेले.

त्यांच्या वकिलानं विचारलं, "नक्कल तयार झाल्याची तारीख अकरा आहे, ती बरोबर आहे का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "नजरचूक झाली. अकरा तारखेला ती तयार नव्हती."

न्यायाधीशांनी टंकलेखकाला सांगितलं, "साक्षीदार म्हणते, सदर तारीख नजरचुकीने पडली." टकटक झाली. म्हाताऱ्याची सून थोडी पुढं सरकली. एवढं सोपं असेल असं बाईंना वाटलं नव्हतं.

मग सरकारी वकील उठले. ते बाईंच्याच बाजूचे, म्हणजे कचेरीचे. पण आता त्यांचा चेहरा असा झाला होता, जसा घरातला माणूस फितूर निघाल्यावर होतो.

"बाई, वर्षाला किती नकला काढता?"

"तीनशेच्या आसपास."

"म्हणजे या नकलेनंतरही साठ-सत्तर काढल्या असतील. त्यांतली हीच एक तुम्हाला बरोबर आठवते?"

"हात आठवतात," बाई म्हणाल्या.

"कुणाचे?"

"यांचे. खिडकीतून हातच दिसतात."

मागं कुणीतरी हसलं. वकीलही हसले. "हात आठवतात. तारीख आठवते?"

"नाही."

"अकरा तारखेला ही नक्कल कुठं होती, आठवतं? साहेबांच्या टेबलावर? कपाटात? तुमच्याकडे?"

"नाही आठवत."

"मग ती अकराला तयार नव्हती, हे कशावरून सांगता? या गृहस्थांनी येऊन सांगितलं म्हणून? समन्सच्या आधी ते तुम्हाला भेटले होते, खरं ना?"

"भेटले होते."

"बस्स. साहेब, साक्षीदाराला काहीही आठवत नाही आणि ती अपीलदाराच्या सांगण्यावरून बोलते आहे, एवढं नोंदवून घ्यावं."

वकील बसायला वळले. न्यायाधीशांनी टंकलेखकाकडे मान फिरवली. बाईंनी बघितलं, मागच्या बाकावरचे ते हात गुडघ्यांवरून उचलले गेले आणि पुन्हा, सावकाश, पालथेच ठेवले गेले. म्हाताऱ्यानं मान खाली घातली नव्हती. तो बाईंकडेही बघत नव्हता. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता, जशी माणसं दवाखान्यात बघतात.

एक नजरचूक कुणाला पटत नाही. हे बाईंना त्या क्षणी कळलं. चूक एकटी असली की ती खोटी वाटते. तिला तिच्या बहिणींसकट उभं केलं तरच ती खरी.

"सांगते कशावरून ते," बाई म्हणाल्या.

वकील अर्धे बसलेले, तसेच थांबले.

"अकरा तारखेला ती तयार नव्हती, कारण सातव्या दिवशी कुठलीच नक्कल तयार नसते. आम्ही सातवा दिवस लिहितो. पाटीवर तसं आहे म्हणून. सही मागाहून होते, साहेब दौऱ्यावरून आले की. ही नजरचूक नाही. मी मघाशी चुकीचं सांगितलं."

 न्यायाधीश पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहायला लागले. मग, आवाज जरा खाली आणून, टंकलेखकाला म्हणाले, "साक्षीदार पुढे म्हणते की, काही नकलांवर तयार तारीख प्रत्यक्ष तयार होण्यापूर्वीची—"

"काही नाही," बाई म्हणाल्या.

"काय?"

"मी 'काही' म्हणाले नाही, साहेब. सगळ्या. एकोणीस वर्षांच्या सगळ्या."

न्यायाधीशांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "बाई, मी जे लिहून घेतोय ते तुमच्याच भल्याचं आहे. विचार करून बोला."

"हो. पण माझं म्हणून जे लिहिलं जातंय ते मी बोलले तसं पाहिजे."

टंकलेखक बोटं उचलून थांबला होता. तो बाईंच्याच जातीचा प्राणी. त्यानं न्यायाधीशांकडे बघितलं, मग मागं जाऊन 'काही' खोडलं आणि 'सर्व' टंकलं.

बाहेर आल्यावर दोरवाले आभार वगैरे मानतील, असं वाटलं होतं. ते म्हणाले, "एकोणीस वर्षं? आणि आम्ही समजत होतो, आमच्याशीच वैर आहे."

"वैर कुणाशीच नव्हतं."

"तेच तर," म्हातारा म्हणाला. "वैर असतं तर भांडता आलं असतं." सुनेनं त्यांचा दंड धरला आणि ती दोघं पायऱ्या उतरून गेली.

आठ दिवसांनी कोर्टाचा आदेश आला. अपील मुदतीत धरलं गेलं. निकाल नव्हता तो. पट्टी रस्ता की दोरवाल्यांची, हे अजून ठरायचं होतं, त्याला वर्ष लागेल की पाच, कोण जाणे. पण ते आता ऐकलं जाणार होतं, आणि तोवर पट्टीला कुणी हात लावायचा नव्हता.

त्याच आठवड्यात बाईंना खुलासा मागणारं पत्र मिळालं. साहेब एवढंच म्हणाले, "अकरा महिने, बाई. अकरा महिने गप्प बसायचं होतं," आणि कमरेवरचा हात घट्ट केला. खुलासा लिहायला बाईंना चार दिवस लागले. लाखो वाक्यं टंकणाऱ्या बाईला स्वतःचं एक वाक्य सुरू करता येईना. वन्सं चारदा म्हणाल्या, मी सांगते, तू लिही. बाई चारदा नाही म्हणाल्या. शेवटी साडेचार ओळी झाल्या. त्यांत जुन्या नक्कलकारांचा उल्लेख नव्हता. ते कधीच वारले होते, आणि शिक्का तर बाईंच्याच हातात होता. चौकशी लागली. ती संपेपर्यंत त्यांना वरच्या मजल्यावर फायलींना क्रमांक घालायला बसवलं. जिन्याखाली नवा माणूस आला. तो खरी तारीख घालू लागला, आणि महिन्याभरात नक्कल शाखेची थकबाकी नव्वदवर गेली. कचेरीत माणसं बाईंशी बोलत, पण त्या आल्या की बोलणं जरा नीटनेटकं करत.

मग इतर येऊ लागले. बातमी कोर्टाच्या आवारातून पाण्यासारखी झिरपत गेली असणार. पहिला एक वकील आला, जुनी फाइल घेऊन. मग एक शिंपी. मग एक बाई, बाईंच्याच वयाची, आठ वर्षांपूर्वीची नक्कल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. जिना चढून तिला धाप लागली होती.

"माझं अपील चार दिवसांनी गेलं होतं," ती म्हणाली. "नवरा मरेपर्यंत मला म्हणायचा, तुझ्या आळशीपणानं गेलं. तू चार दिवस आधी गेली असतीस तर. म्हटलं, विचारून यावं. माझीही तशीच होती का?"

बाईंनी शिक्का पाहिला. अर्जापासून सातवा दिवस. त्यांचंच अक्षर, तेव्हा जरा गोल होतं.

"तशीच होती," त्या म्हणाल्या.

"म्हणजे मी आळशी नव्हते."

"नाही."

"जागेवर आता चार मजले झालेत," ती बाई म्हणाली, कुणी विचारलं नसताना. कागद पुन्हा गुंडाळला, अगदी पहिल्या घड्यांवरून, आणि गेली. त्या दिवशी बाईंनी फायलींना चुकीचे क्रमांक घातले आणि सगळे पुन्हा खोडून घालावे लागले.

वन्संना त्यांनी हे सांगितलं. वन्संना अशा वेळी टोमणा सुचायचा; तो सुचला नाही. "एकीला तरी उत्तर मिळालं," एवढंच म्हणाल्या.

"उत्तर मिळालं, जमीन नाही मिळाली, वन्सं."

"मला जमिनीचं गणित येत नाही. रविवारी ती दोरवाल्याची पट्टी बघून ये. एकोणीस वर्षं जमिनी उतरवतेस, एक तरी डोळ्यांनी बघितलीस का?"

बघितली नव्हती. पूर्वेस विहीर, पश्चिमेस अमुक, उत्तरेस तमुक, असं हजारदा टंकलं होतं, पण त्या चार दिशांच्या मध्ये काय असतं, ते त्यांनी पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी त्या गेल्या. घर विचारत विचारत मागच्या अंगाला आल्या. आणि एकदम समोर ती दिसली, सरळ, करडी, पॉलिश केल्यासारखी चमकणारी. कडेला सरकारी खुंट्या अजून रोवलेल्या होत्या, त्यांचा रंग ताजा. बाई कडेवरून, पट्टीच्या मधल्या भागात, दोन पावलं आत गेल्या. पायाखाली माती वाटतच नव्हती. साहेबांना पायवाट दिसली यात नवल नाही, त्यांच्या मनात आलं. मलाही दिसली असती.

कुठून तरी चाकाची करकर ऐकू येत होती. लांबून, पाठमोरा, दोरवाला त्यांच्याच दिशेनं येत होता. कमरेला वाखाचा फुगलेला पट्टा, बोटं धागा सोडतायत, आणि पावलं मागं, मागं, मागं. न बघता. बघायची गरज नव्हती. तीनशे फुटांतला प्रत्येक खळगा टाचांना पाठ होता. बाई त्यात नव्हत्या. बाई पाहत राहिल्या.

"ओ बाई!" चाकापासून सून ओरडली. "बाजूला व्हा! मधे काय उभ्या राहिलात? तो रस्ता नाहीये!"

बाई चटकन कडेच्या गवतात उतरल्या. म्हातारा त्यांच्या अंगावरून वाखाचा वास सोडत गेला. मान न वळवता, पाऊल न मोडता म्हणाला, "नक्कलबाई ना? थांबता येत नाही मला, पीळ सुटेल. बसा तिकडं. टोकाला पोचलो की बोलू."

त्या एका उपड्या टोपलीवर बसल्या. टोक अजून बरंच लांब होतं. त्याच्यासमोर दोर लांबत होता, उन्हात थरथरत, आणि म्हातारा त्याच्यापासून मागं सरत सरत लहान होत चालला होता.